बंद सांधा

पेन ड्राइव्हच्या टोकाशी दिव्याचा एक निळा ठिपका असतो, तो लागायला हवा होता – लागला नाही. तिने तो उपसला, दुसऱ्या बाजूच्या खाचेत खुपसला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि बोटाएवढ्या त्या प्लास्टिककडे बघत राहिली, जणू नुसतं बघत राहिल्याने त्याला लाज वाटेल... पडदा काळा झाला, कंपनीचं चिन्ह उमटलं, आणि मग मध्ये कुठेही न थांबता, श्वास घेण्याइतकीही उसंत न देता, तळ्याचं ते चित्र, त्यावर पांढरी अक्षरं: सुस्वागतम, स्तानिमीर.

मी स्तानिमीर नाही, बिल्याना मनात म्हणाली. स्तानिमीर तिचे वडील. लॅपटॉप त्यांचाच होता – गोर्ना ओर्याहोवित्साच्या रेल्वे जंक्शनवरून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी दिलेला, झाकणावर त्यांचं नाव कोरलेली पितळी पट्टी चिकटवलेला. दोन वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं, "बाबा, याच्यातला अर्धा भाग मला द्याल?" आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून द्यावा तसं "घे" म्हटलं होतं. तेव्हापासून त्या एका यंत्रात दोन बिऱ्हाडं होती. एका ऑपरेटिंग सिस्टिमवर बाबांचं हवामान, बातम्या, बुद्धिबळ. दुसरीवर तिचं काम. यंत्र सुरू झालं की चिन्ह आणि तळं यांच्यामध्ये एक काळं पान यायचं, त्यावर पांढऱ्या दोन ओळी, वरची त्यांची, खालची तिची, आणि ते पान काही क्षण वाट पाहायचं: कुठे जायचंय? ते पानच नाहीसं झालं होतं. ती आठवडाभर सोफियाला मुलाखतीसाठी काय गेली, परत आली तर आपल्या खोलीचं दार भिंतीत मिटवून वरून चुना फासलेला असावा, तसं.

आणि आज संध्याकाळपर्यंत गणित पाठवायचं होतं. "तुमची पद्धत चालवून दाखवा, मग बोलू," असं वेधशाळेच्या बाई म्हणाल्या होत्या – डोंगरावरची भूकंपाची वेधशाळा, एकच जागा, चौदा अर्ज. भूकंपाच्या नोंदींच्या प्रती सोफियात होत्या, पण गेल्या महिन्यात लिहिलेला प्रोग्रॅम, ज्याच्यावर सगळं उभं होतं, तो फक्त इथे होता. या तळ्याच्या मागे.

"बिल्याना! नळी धरायला ये गं!"

बाल्कनीतून हाक आली. नोव्हेंबर होता, हिवाळ्यासाठी खारवायच्या कोबीचं पिंप भरून झालं होतं, आणि रोज एकदा तळाचं खारं पाणी नळीने ओढून वरून परत ओतावं लागत होतं, नाहीतर कोबी बुळबुळीत होतो. भूकंप होवो, मुलाखत होवो, पाणी फिरवायचंच.

"येते! हे सुरू होत नाहीये!"

"चालतोय की! मी सकाळीच हवामान बघितलं त्याच्यात. दिवसभर धुकं."

चालतोय की. दुपारपर्यंत हे तिने तिसऱ्यांदा ऐकलं होतं. म्हणजे अर्धं घर जळालं आणि तुमचं अंथरूण शाबूत राहिलं, की घर ठीक आहे...! राग कुणावर करायचा हे मात्र तिला ठरवता येत नव्हतं, आणि पुराव्याशिवाय राग करायची तिला सवय नव्हती. अपडेट आला असेल – बाबांच्यासारख्या या सिस्टिमा तशा असतातच, जगात आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही असं समजून पाय पसरणाऱ्या. तिने डिस्कचा नकाशा उघडला. तिचा अर्धा भाग होता! पूर्णच्या पूर्ण होता, एक बाइटही इकडचा तिकडे नाही. फक्त त्याच्यावर नाव नव्हतं. तिने त्याच्यावर टिचकी मारली तशी एक चौकट उघडली, अतिशय नम्र: हा भाग वाचता येत नाही. वापरण्यापूर्वी पुसून घ्यायचा का?

मला वाचता येत नाही म्हणून तू पुसू का? तीन वर्षं रात्र रात्र जागून मी ऐकलेली जमीन, आणि तुला तिची भाषा येत नाही, तर ती कोरी पाटी? कुणी शिकवलं हे तुला, हे इतकं सभ्यपणे विचारायला? "नाही" दाबताना तिने बटण इतक्या जोरात दाबलं की टेबलावरचा चहा हिंदकळला.

तिने कालीनला फोन लावला. तो विद्यापीठात तिच्या वर्गात होता, आता सोफियात लोकांची यंत्रं दुरुस्त करून पोट भरत होता.

"पेन ड्राइव्हवरनं उठत नाही?" कालीन काहीतरी चघळत बोलत होता. "मग मुळातल्या सेटिंगमध्ये जा. चिन्ह यायच्या आधी ते बटण दाबत राहा. बाहेरनं सुरू करायची परवानगी कुणीतरी बंद केलीय."

"कुणीतरी म्हणजे? अपडेटनेच ना?"

"अपडेट इतका हुशार नसतो गं. जा तर खरी."

ती गेली. करड्या रंगाचं पान यायला हवं होतं. आली एक छोटी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारी आडवी रेघ. पासवर्ड.

"पासवर्ड मागतंय," ती म्हणाली. "इथे कधीच पासवर्ड नव्हता."

"इथे?" कालीन हसायला लागला. "इथे पासवर्ड कोण टाकतं? घरात माणसं राहतात की गुप्तहेर खातं?"

"डिस्क काढून दुसरीकडे लावू?"

"त्या मॉडेलमध्ये ती आतल्या मुख्य पाटीवरच डाख देऊन जोडलेली असते. काढायला गेलीस तर आपण दोघं मिळून तिचे अंत्यसंस्कार करू. बिल्याना, यंत्र बिघडलेलं नाही. त्याला कुणीतरी समजून उमजून कुलूप घातलंय. घरी कोण कोण आहे?"

"बाबा आहेत फक्त."

"मग बघ बुवा," असं म्हणून तो पुन्हा चघळायला लागला. त्याचं ते चघळणं तिला त्याच्या हसण्यापेक्षा जास्त चीड आणणारं वाटलं.

नाही, बाबा नाही. बाबांना आवाज कमी कसा करायचा ते अजून विचारावं लागतं... पण हेही खोटं होतं, आणि हे खोटं आहे हे तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ती डिस्कचे दोन भाग करत असताना ते खुर्ची ओढून शेजारी बसले होते. आता कुठलं बटण? आणि त्याने काय होतं? उलट करायचं झालं तर? तिला तेव्हा ते गोड वाटलं होतं. पस्तीस वर्षं जो माणूस कुठल्या खटक्यानंतर कुठला खटका हे पाठ करून गाड्यांना वाट देत होता, तो उगाच विचारत नसतो हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

बाल्कनीत थंडी होती. बाबा गुडघ्यांवर बसून नळीचं टोक तोंडात धरून पाणी ओढत होते. पाणी वर चढताच तिने ते टोक घेऊन भांड्यात धरलं. खारं, पिवळसर पाणी आलं, तिच्या बोटांवरून ओघळलं. खाली यार्डात धुक्याच्या आत कुठेतरी मालगाडी सरकत होती, आणि नेहमीप्रमाणे आधी ती पायांना कळली, मग कानांना. यानेच तर सुरुवात झाली होती. तिने तळघरात कंपनं मोजायचं उपकरण ठेवलं, नोंदी काढल्या, आणि त्यांच्यातून गाड्यांची थरथर गाळून टाकली की खालच्या जमिनीची स्वतःची किती बारीक हालचाल शिल्लक राहते ते शोधलं. कुठली गाडी कधी गेली असेल हे बाबांनीच सांगितलं होतं, तोंडपाठ. आणि सगळं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले होते, "म्हणजे आमच्या गाड्या काढून टाकल्या, की उरतं ते तुझं शास्त्र." ते हसले होते. हसलेच होते ना?

तिने काही विचारण्याआधीच गेन्का मावशी आल्या, शेजारच्या. दार लोटून, रिकामी बरणी घेऊन.

"तुमचं पाणी चाखायला आले. माझं फार खारट झालंय." त्यांनी चमच्याने चाखलं, मान डोलावली. "छान. जावई शोधायला गेलेली पोर परत आली वाटतं?"

"नोकरी शोधायला, मावशी."

"तेच ते. दोन्हीत माणूस घर सोडतो." मग बाबांकडे वळून, "आणि तुम्ही, स्टेशनमास्तर? यंदा पाणी तरी वेळेवर फिरवताय ना? नाहीतर त्रिफोनच्या मातीसारखं करायचात!"

"गेन्का, बरणी भर आणि जा," बाबा म्हणाले.

"अगं, तुला सांगितलं नाही यांनी?" मावशींना थांबवणं शक्य नव्हतं. "त्रिफोनला माती दिली बारा वाजता. उकडलेले गहू वाटून झाले, कबरीवर दारू सांडून झाली, आम्ही सगळे घरी जेवायला बसलो, आणि हे दोन वाजता रुळांच्या कडेकडेने चालत दफनभूमीत! तिथे कोण? खोदणारे दोघं, फावडी धूत होते. सारं जंक्शन बोलत होतं – यांच्या घड्याळावर गाड्या सुटायच्या, आणि..."

मावशी गेल्या तरी ते वाक्य बाल्कनीत उभंच होतं. त्रिफोनकाका. बाबांच्या सिग्नल केबिनमधले, तीस वर्षांचे जोडीदार. लहानपणी तिला खिशातून सुजुकचा, सुकवलेल्या सॉसेजचा, तुकडा काढून द्यायचे, त्याला तंबाखूचा वास असायचा. ते गेल्याचं बाबांनी तिला सोफियाला फोनवर सांगितलं होतं. "जाऊन आलात का?" असं तिने विचारलं तेव्हा म्हणाले होते, "झालं सगळं नीट."

आत आल्यावर बाबांनी हात पुसले आणि टेबलाजवळून जाताना नकळत एक गोष्ट केली – मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे पाहिले, आणि दोन्ही जुळले म्हणून किंचित मान हलवली. आणि तिला ते कळलं. ज्या क्रमाने भूमिती कळते त्या क्रमाने, पायरीपायरीने, नको असताना.

दोन सिस्टिमा, घड्याळ एकच. तिची सिस्टिम त्या घड्याळात जगाची प्रमाण वेळ लिहून ठेवते. बाबांची सिस्टिम तीच इथली वेळ समजून वाचते. हिवाळ्यात दोन तास मागे. पुढे कधीतरी नेटवरून आपोआप सुधारायचं. बाबांनी एक-दोनदा म्हटलं होतं, "घड्याळ चुकतंय हे," आणि ती म्हणाली होती, "हो, तसं होतं," जसं पाऊस पडतो तसं. सोफियाला जायच्या आदल्या रात्री तिने काम केलं होतं. पहाटे गाडी पकडली होती, आणि त्यानंतर यंत्र पहिल्यांदा उघडलं ते बाबांनी, मातीच्या सकाळी.

"तुम्ही मनगटावरचं घड्याळ याच्यावरून लावलंत," ती म्हणाली. विचारलं नाही.

बाबा खुर्चीवर बसले. "रात्री किल्ली द्यायची राहिली होती. त्रिफोनचं कळल्यावर लक्ष नव्हतं. बंद पडलं. मग याच्यावरून लावलं." जरा थांबून, "स्टेशनात एक मुख्य घड्याळ असतं, बिल्याना. बाकी सगळी तबकडीवाली त्याच्या तारेवर चालतात. हा साऱ्या जगाशी जोडलेला आहे म्हणतेस ना तू? मला वाटलं, हा मुख्य असणार."

"रस्त्यात कुणाला विचारायचं!"

"वेळ?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी चिडलं. "मी? मला विचारायचे लोक."

"मग मला सांगायचंत! कुलूप कसलं घालता? माझं अख्खं काम आहे त्याच्यात, आज पाठवायचंय, सकाळपासून मी..." तिला शब्द सापडेनात आणि मग एकदम सापडले, त्यांच्याच केबिनमधले. "रूळ बंद करायचा असेल तर आधी पुढच्या स्टेशनला कळवायचं असतं. पोच आल्याशिवाय सांध्याला हात लावायचा नाही. तुम्हीच सांगायचात ना? मला कळवलंत? घेतलीत पोच?"

सांधा – जिथे एक रूळ दोन वाटांत फुटतो. नको ती वाट गाडीने धरू नये म्हणून तो एका बाजूला लावून कुलूपबंद करतात, किल्ली अंमलदाराच्या खिशात. तिने हे लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून पाहिलं होतं. बाबांचा चेहरा उतरला. तिला जिंकायचं होतं आणि ती जिंकली होती, आणि त्या जिंकण्यात धुक्यातून रुळांच्या कडेने चालणारा एक माणूस होता, हातात फुलं, मेलेल्यांसाठी घेतात तशी सम संख्येत मोजून घेतलेली, वेळेवर पोचतोय अशा खात्रीने पावलं टाकणारा.

"तुझ्या वाटेला गेलं की घड्याळ चुकतं, म्हणून सांधा बंद केला," बाबा हळू म्हणाले. "उखडला नाही. तुझं काही पुसलं नाही मी. तो विचारत होता सारखा, पुसू का, पुसू का. मी नाही म्हणायचो."

तिने टेबलावरचा चहा बाजूला सरकवला. मी तीन वर्षं त्यांच्या गाड्या गाळत होते, आणि ते... पण रागही गेला नव्हता, हेच कठीण होतं. न कळवता कुलूप घातलं ते घातलंच. त्रिफोनकाकांसाठी घातलं की – ती नोकरीसाठी गेली त्याच आठवड्यात – आणखी कशासाठी, हे मोजायला तिच्याकडे उपकरण नव्हतं. त्यांच्याकडेही नसावं.

"सरक," ते म्हणाले.

त्यांनी यंत्र बंद करून सुरू केलं, योग्य क्षणी योग्य बटण दाबलं. चौकट आली. दोन बोटांनी, मिठाने सुरकुतलेल्या, ते एकेक अक्षर शोधू लागले, आणि बिल्यानाने तोंड खिडकीकडे फिरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. किल्ली त्यांची होती. काचेबाहेर धुकं होतं आणि पिंपावरचं झाकण दगडाखाली नीट बसलेलं होतं.

"झालं," ते म्हणाले.

काळं पान आलं. पांढऱ्या दोन ओळी. खाली कोपऱ्यात आकडे उतरू लागले; कुणी काही केलं नाही तर यंत्र आपोआप वरच्या ओळीत जाणार होतं, तळ्याकडे. बाबांची नजर आपोआप मनगटाकडे गेली. "किती थांबतं हे?"

तिने खालचा बाण एकदा दाबला. उजेडाची पट्टी दुसऱ्या ओळीवर आली, आणि आकडे थांबले.

"बाण दाबला की मोजत नाही," ती म्हणाली. "मग थांबतं. कितीही."

"असं?" बाबांनी खुर्ची जवळ ओढली. दोन वर्षांपूर्वी ओढली होती तशी. "आणि घड्याळ कुठून सरळ करायचं?"

"आत गेल्यावर. एक ओळ लिहायची असते."

"एकच?"

तिचं बोट बटणावर होतं, त्याच्या टोकाला मीठ चुरचुरत होतं. खालून एक गाडी गेली, आधी पायांना, मग कानांना, आणि सवयीने तिने ती मनातल्या मनात वजा करायला घेतली, आणि अर्ध्यावर सोडून दिली.