क्षिप्राच्या जागी उज्वला

वाशीच्या बास्केटबॉल कोर्टावर क्षिप्रा आपल्या आईला, स्मिताला, ‘मॅडम’ म्हणायची. स्मितानेच ती सवय लावली होती. कोच लेकीला झुकतं माप देते, असं कोणी म्हणायला नको.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षभराने क्षिप्रा टीममध्ये परतली. हात तसाच गोड होता. लांबून टाकलेला बॉल अलगद बास्केटमध्ये पडायचा. म्हणून फायनललाही समोरच्या दोघी तिला चिकटून राहिल्या, आणि बास्केटखाली उंच राजेश्वरीला मोकळं रान मिळालं. पण बॉल समोरच्यांकडे गेला की त्यांची कॅप्टन नेमकी क्षिप्राच्याच बाजूने घुसायची. क्षिप्रा वळेपर्यंत ती पार झालेली असायची. इकडे जेवढं कमवावं, त्याहून जास्त तिकडे जात होतं.

टीम आठ पॉइंटने मागे पडली, तशी स्मिता उठली.

“क्षिप्रा, बाहेर ये. उज्वला, तू जा.”

उज्वला मार्केटातल्या माथाडी कामगाराची पोर. पायाने चपळ, पण शूटिंग यथातथाच. ती उतरली आणि कॅप्टनचा रस्ताच बंद झाला. पण आपल्याही बास्केट आटल्या. उज्वलाला लांबून जमत नाही हे ओळखून समोरच्यांनी तिला मोकळं सोडलं आणि तिघींनी राजेश्वरीला घेरलं. तरी उज्वला बॉल हिसकावत राहिली, राजेश्वरी पळत सुटायची आणि तिघींनी घेरायच्या आत बास्केट करायची. असं करत करत फरक एका पॉइंटवर आला.

थोडेच सेकंद उरले असताना शिट्टी वाजली. बॉल आपला होता.

“मॅडम, मला पाठवा ना. एकच शॉट.”

स्मिताने लेकीच्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. बास्केट पडली, तरी समोरच्यांना एकदा धावायला वेळ उरत होता. त्या कुठून धावणार, हे तिला ठाऊक होतं.

“नको,” ती म्हणाली. “बस.”

राजेश्वरीभोवती पुन्हा तिघी जमल्या. तिने बॉल उज्वलाकडे दिला. उज्वलाच्या आसपास कोणी नव्हतं. तिने टाकला. बॉल रिंगवर आपटून बाहेर पडला.

उज्वला तिथेच मटकन खाली बसून रडायला लागली. तिच्याजवळ सगळ्यांत आधी गेली ती क्षिप्रा, लंगडत लंगडत.

घरी दोघी जेवायला बसल्या.

“आई, तू बरोबर केलंस,” क्षिप्रा ताटाकडे बघत म्हणाली. “त्यांच्या कॅप्टनला मी अडवू शकले नसते.”

“मग एवढी गप्प का?”

“दुसऱ्या कोणी बाहेर काढलं असतं, तर घरी येऊन तुझ्याजवळ रडले असते.”



पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद करायला सांगितलं. स्मिता कोचिंग करत राहिली. क्षिप्रा कोर्टाकडे फिरकली नाही. संध्याकाळी आई दमून आली की ती चहा टाकायची, आणि दोघी कॉलेजबद्दल, सोसायटीतल्या पाण्याबद्दल, बाकी सगळ्याबद्दल बोलायच्या.