हिंदुरावाचं गरीब पिल्लू

आमच्या शेजारच्या हिंदुरावाला जनावरातलं कळतं, असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला माहीत नाही. पण ऐकल्याबरोबर ते ज्यानं पाठ करून टाकलं, तो माणूस हिंदुरावच. करकंबची शेती वाट्यानं देऊन तो जुळे सोलापुरात बंगला बांधून राहिला, त्याला बरीच वर्षं झाली. तरी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेवेळी बैलबाजार भरला, की गावाकडची माणसं त्याला न्यायला येतात. हा टोपी-सदरा चढवून बाजारात उभा राहतो, बैलाच्या पाठीवर थाप मारतो, शेपूट उचलतो, कपाळावरचा भोवरा बघतो आणि 'घ्या' किंवा 'सोडा' एवढंच म्हणतो. घेतलेला बैल चांगला निघाला तर ती हिंदुरावाची नजर. वाईट निघाला तर घेणाऱ्यानं चारा नीट घातला नाही. तोटा कायम दुसऱ्याच्या खात्यावर टाकणारा इतका सुरेख धंदा मी दुसरा पाहिलेला नाही. बाजारात त्याला न मानणारा माणूस एकच, अक्कलकोटकडचा बैलांचा व्यापारी तिप्पण्णा. तिप्पण्णाचं नाव काढलं तरी हिंदुराव टोपी नीट करतो.

तर या हिंदुरावाला लॅब्राडोर पाहिजे झालं. कुत्र्याची आवड वगैरे काही नाही. समोरच्या दोन्ही बंगल्यांत लॅब्राडोर आली होती आणि सकाळी फिरायला निघालं की लोक त्या कुत्र्यांशी थांबून बोलायचे, हिंदुरावाशी नाही.

"आप्पा, गाडी काढा," एके दिवशी तो मला म्हणाला. "विजापूर रोडला एका पोराकडं पिल्लं हायत. तुमी नुसतं चालवा. बघायचं काम माझं."

"कुत्र्यातलं तुम्हाला काय कळतं हो?"

"चार पाय असले की झालं. जनावर ते जनावर."

पिल्लं विकणारा गुरु नावाचा तरुण होता. जिममध्ये कमावलेले दंड, मनगटात रुद्राक्ष आणि दर वाक्याला 'काका'. मागच्या पडवीत त्यानं पिल्लं सोडली. ती सगळी आमच्या पायांवर येऊन आदळली. एकानं हिंदुरावाच्या चपलेचा पट्टा धरला आणि गुरगुरत ओढायला लागलं.

"ह्ये द्वाड हाय," हिंदुरावानं पाय झटकला. "मारकं निघनार."

कोपऱ्यात एक फिकट पिवळं पिल्लू बसून होतं. धावलं नाही, उठलंही नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यांत चिकटा, अंगावर हाडं आणि पोट मात्र गाडग्यासारखं टम्म. हिंदुरावानं त्याला मानेला धरून उचललं, तर ते पिळलेल्या फडक्यासारखं लोंबत राहिलं.

"बघा आप्पा. हूं न्हाय की चूं न्हाय. गरीब हाय!"

बैलबाजारात 'गरीब' याहून मोठी शाबासकी नाही. लाथ नाही, शिंग नाही, पोरानं कासरा धरला तरी मागं येणारं, ते जनावर गरीब. हिंदुरावानं पोटावर टिचकी मारली. "खात्यापित्या घरचं हाय." मग शेपूट उचललं.

"अहो, शेपटाखाली लडबडलंय की सगळं," मी म्हणालो.

"मग? बैलाच्या शेपटाखाली काय अत्तर असतंय?"

"याची आई कुठाय?" मी गुरुला विचारलं.

"ती मित्राच्या फार्मवर असती काका."

"आईला काय करायचंय आप्पा? आपन पिल्लू न्ह्यायला आलोय."

"लस?"

"पहिली झालीय काका. कार्ड शोधून व्हॉट्सॲप करतो."

ते कार्ड गुरु अजून शोधतोय. हिंदुरावानं मात्र शोध संपवला होता, कारण पिल्लाच्या कपाळावर मधोमध एकच भोवरा सापडला. हे लक्ष्मीचं लक्षण. बैलाच्या कपाळी असलं तर. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, स्वतःच्या हातावर टाकला आणि त्याखाली बोटं धरून भाव करायला गुरुकडं हात पुढं केला. गुरु टॉवेलकडं बघत राहिला.

"काका, जीपे करा."

घरी हिंदुरावाच्या बायकोनं, वच्छलाकाकूंनी, दारातच अडवलं. "कुत्रं उंबऱ्याच्या आत न्हाय येनार. आदीच सांगते." पिल्लाची सोय मागच्या मोरीजवळ झाली. नाव सर्जा. असल्या नावाच्या बैलाला आपण कुठल्या तरी शर्यतीत पारखलं होतं, हे सांगायला हिंदुरावाला बरं पडलं. वाटीभर म्हशीचं दाट दूध त्याच्यापुढं ठेवून त्यानं करकंबला फोन लावला. "रविवारी या समदे. जनावर बघून जावा. असं जनावर सोलापुरात न्हाय."

दुसऱ्या दिवशी जनावर ओकलं.

"जागा बदलली की जनावर गळतंय," हिंदुराव म्हणाला. मग जुलाब झाले, तेव्हा पोट साफ होत होतं. मग जुलाबात रक्त दिसलं आणि कुंपणापलीकडं मला माझ्या पोर्चमध्ये बसवेना इतकी घाण सुटली, तेव्हा ती उष्णता होती. हिंदुरावानं बैलाला औषध पाजायचा बांबूचा नळा माळ्यावरून काढला. पिल्लाचं अख्खं डोकं त्या नळ्यात जाईल, हे दिसल्यावर नाइलाजानं चमचा घेतला आणि ओव्याचा काढा पाजला. पिल्लानं तो त्याच्या धोतरावर परत केला. एवढ्या सगळ्यात शहाणपणाचं काम तेवढंच झालं.

मोरीजवळ काकूंचं जुनं लुगडं अंथरलेलं दिसलं, मग पिल्लासकट ते लुगडं स्वयंपाकघराच्या दारात आलं, आणि उंबरा कुणी, कधी ओलांडला याची चौकशी करायची हिंदुरावाला हिंमत झाली नाही.

सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "आप्पा, गाडी हाय का? त्ये मान उचलंना झालंय."

मी गाडी काढली, तर हिंदुराव फाटकात आडवा. "दवाखान्यात न्हेलं की कॉलनीभर होतंय. रविवारी करकंबची मानसं यायची हायत. हिंदुरावानं आजारी जनावर निवडलं, ह्ये त्येंनी ऐकायचं?"

"आनि मेलं म्हंजी?" काकू म्हणाल्या.

"मेलं तर नजर लागली म्हनता येतंय." आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

मेलेल्या पिल्लाची तजवीज त्यानं करून ठेवली होती. जगवायची तेवढी राहिली होती.

काकूंनी लुगड्यात पिल्लू गुंडाळलं, नवऱ्याला कोपरानं बाजूला केलं आणि मागच्या सीटवर बसल्या. गाडी वळता वळता हिंदुराव पुढचं दार उघडून आत चढला. पिल्लाची काळजी म्हणून नव्हे. आपल्याला कोण कोण बघतंय ते बघायला.

दवाखाना डॉक्टर उत्कर्षा नावाच्या बाईंचा. उलटी-जुलाबाची पिल्लं त्या पुढच्या दारानं घेतच नाहीत. मागच्या बोळातून वेगळी खोली, दारात औषधाच्या पाण्याचं पायपुसणं. त्यांनी पिल्लाची हिरडी दाबली, ती पांढरीच राहिली. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी. मग तपासणीची पट्टी लावली.

"पार्वो आहे, आतड्यांचा जीवघेणा रोग," त्या म्हणाल्या. "लस झालेली दिसत नाही. आणि हे पोट जंतांनी फुगलंय. आणलं तेव्हा खेळत होतं का?"

"न्हाय, गरीब हाय ते," हिंदुराव म्हणाला.

"गरीब नाही, आजारी होतं. या वयाचं धड पिल्लू पायात पायात येतं, कपडे ओढतं. डोळे-नाक स्वच्छ, शेपटाखाली कोरडं. कोपऱ्यात बसलेलं कुणी उचलतं का? निवडलं कुणी हे?"

हिंदुरावानं भिंतीवरचं मांजराचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

"हे बघा, खोटी आशा दाखवत नाही. इथं ठेवून सलाईन लावावी लागेल, उलटी थांबवायची इंजेक्शनं, तोंडानं सध्या थेंबही नाही. वाचेलच असं नाही. न लावता नेलंत तर मात्र वाचणार नाही. मालकानं सांगायचं. मालक कोण?"

नेमकी तेव्हाच बोळाच्या तोंडाशी कानडी हेलात हाक आली. "एन्री हिंदुराव! मागल्या दारात काय करताय वो?"

तिप्पण्णा. काखेत एक पिवळं पिल्लू, आणि ते त्याच्या सदऱ्याचं बटण चावून काढायच्या बेतात. चपलेचा पट्टा ओढणारं तेच ते द्वाड.

"विजापूर रोडच्या गुरुकडनं आणलं की," तिप्पण्णा लांबूनच ओरडला. "मला कुत्र्यातलं काय कळतंय वो? जे चावलं ते उचललं! लस टोचायला आलोय. आतलं ते तुमचं का?"

"पुढच्या दारात थांबा हो तुम्ही!" डॉक्टरीणबाई खेकसल्या. "ते पिल्लू इकडं आणू नका, लागण होईल." मग आमच्याकडं वळल्या. "सांगा लवकर. कुणाचं आहे हे?"

हिंदुरावानं टोपी नीट केली.

"बायकोचं हाय," तो मोठ्यानं म्हणाला, बोळाच्या तोंडापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं. "तिनंच आनलंय. मी आपला सोबतीला आलोय."

पिल्लू टेबलावर पडलेलं, श्वास तेवढा हलत होता. वच्छलाकाकूंनी नवऱ्याकडं बघितलं. रागानं नाही. बाजारात नको असलेली भाजी खाली ठेवताना बाई जसं बघते, तसं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझं हाय. लावा सलाईन."

पुढं काकू रोज रिक्षानं जात राहिल्या. मागच्या खोलीत जाताना हात धुवायचे, येताना हात धुवायचे, चप्पल पुसायची. घरी मोरीपासून पडवीपर्यंत त्यांनी ब्लीचिंगनं फरशी घासली, लुगडं जाळून टाकलं. हिंदुरावानं करकंबला फोन करून रविवार पुढं ढकलला. पुण्याहून मुलगा यायचाय, म्हणाला. मुलाला याचा पत्ता नव्हता. मी कुंपणाशी रोज विचारायचो, "काय हिंदुराव, सर्जा कसाय?" तो विचारायचा, "कोन सर्जा?" असं करत करत एक दिवस काकू हातात पिल्लू घेऊनच उतरल्या. पोट गेलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात असा अवतार, पण उतरल्या उतरल्या त्यानं रिक्षावाल्याच्या बुटाची नाडी धरली. काकू त्याला मऊ भात आणि उकडलेल्या चिकनचं पाणी चमच्या-चमच्यानं द्यायच्या. 'पेढा' म्हणायच्या.

पिल्लू अंगणात धावायला लागल्यावर हिंदुरावाची स्मरणशक्ती परत आली. करकंबची माणसं आली, मलाही चहाला बोलावणं होतं. हिंदुराव बाजेवर बसला, टोपी-सदरा चढवून.

"ह्यो सर्जा," तो म्हणाला. "पार्वो म्हंजी पिल्लांचा काळ. शंभरातलं एखादं जगतंय. म्या तितंच वळखलं हुतं, ह्ये तगनारं हाय. कपाळाचा भोवरा बगा. सर्जा! ये हितं!"

सर्जा पाहुण्यांच्या धोतराचा सोगा चावत होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात कपबशा घेऊन उभ्या होत्या.

"त्ये माझं हाय," त्या म्हणाल्या. "ह्येंनीच सांगितलंय दवाखान्यात, तिप्पण्णाम्होरं. व्हय की न्हाय हो आप्पा?"

"अगदी स्पष्ट," मी म्हणालो. "बोळाच्या बाहेरपर्यंत ऐकू आलं."

तिप्पण्णाचं नाव निघाल्यावर करकंबची माणसं बशीतून वर बघायला लागली. हिंदुराव हसला, म्हणजे दात दाखवले. मग बाजेवरून वाकून पिल्लाकडं हात नेला. "द्या की जरा. मांडीवर घेऊन दाखवतो."

"घ्या. पन आदी हात धुवून या," काकू म्हणाल्या. "साबनानं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, कुनीबी असू दे."

पाहुणे चहा प्यायचे थांबले. जन्मभर ज्यानं बाजारातल्या हरेक जनावराला न विचारता हात लावला, तो माणूस उठला, टोपी काढून बाजेवर ठेवली आणि मोरीकडं गेला. नळ सुरू झाला आणि सुरूच राहिला. तोंड दाखवायला परत यायचं तर वेळ लागतोच.

काकूंनी कपात चहा ओतला, पेढ्याच्या तोंडातून धोतर सोडवलं आणि मान न वळवता आत आवाज दिला.

"पुरे आता! उद्या पानी यायचं न्हाय."