उपग्रहावरचे राष्ट्रचिन्ह

देशाचा पहिला प्रायोगिक उपग्रह आमच्या चिरंजीवांनी घडवला, असे वर्तमानपत्रे छापत होती. चिरंजीव प्रकल्पाचे प्रमुख होते, एवढे खरे. काम करणाऱ्यांत आमची सूनबाई होती. वर आकाशात यंत्र तापू नये आणि गोठूही नये, यासाठी त्यावर कुठे पांढरा रंग द्यायचा आणि कुठे काळा, हे तिने वर्षभर खपून ठरवले होते.

उड्डाणाच्या आठवड्यात मंत्रिमहोदय पाहणीस आले. प्रमुखांची आई म्हणून मलाही खुर्ची मिळाली. पांढऱ्या पिंपासारख्या त्या यंत्राभोवती एक फेरी मारून महाशयांनी विचारले, "यावर आपलं राष्ट्रचिन्ह कुठे आहे?" ते वर कोण वाचणार होते, देव जाणे.

"आजच रंगवून घेतो, साहेब," आमचे रत्न म्हणाले.

"यावरचा पांढरा रंग झाकला तर आतली बॅटरी तापेल," सूनबाई म्हणाली.

"ते नंतर बघू," असे तिला सांगून तो मंत्र्यांकडे बघून हसला. असले लाळघोटे हसू माझ्या पोटी जन्मावे, याची मला शरम वाटली.

तिथल्या तिथे पेंटर बोलावून गडद निळे, चांगले परातीएवढे चिन्ह रंगवले गेले. उपग्रह गेला, टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी बॅटरी तापून तो मुका झाला.

चौकशी समिती नेमली गेली. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी स्वारी माझ्या खोलीत आली.

"आई, तिला जरा समजाव. हिशेब चुकला म्हणाली, तर फार तर तिला दुसऱ्या खात्यात टाकतील. माझी मात्र खुर्ची जाईल. ती तुझं ऐकते."

"बायकोच्या आड लपायला तुला माझी शिफारस हवी?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. रंग लावला तेव्हा मी समोर बसले होते. उद्या तू सांगतोस, की मी सांगू?"

सूनबाई दारात उभी होती. "आई, तुम्ही कशाला? माझं मी सांगेन."

"तू तुझ्या कामाचं सांग. ह्याचे प्रताप ह्यालाच सांगू दे."

"मला तर ताप आल्यासारखं वाटतंय," चिरंजीव पुटपुटले.

सूनबाईने त्याच्या कपाळाला हात लावला. "गार आहे," ती म्हणाली.

समितीपुढे तो खरे बोलला. बाहेरच्या बाकावर मी बसले आहे, हे त्याला ठाऊक होते. खुर्ची गेली, सूनबाई आपल्या जागी राहिली. हल्ली चिरंजीव दिवसभर घरी असतात आणि आपण सत्यासाठी पदत्याग केला, असे येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवतात. त्या वेळी मी माझा चहा आतल्या खोलीत घेते.