झुंबरबाईच्या गोठ्यातला रुपया

मित्रांनो, मी जिथे पडलो आहे तिथून मला काहीच दिसत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. तेव्हा आधी माझी ओळख करून देतो. मी चांदीचा एक जुना रुपया आहे. जन्म औरंगाबादच्या टांकसाळीतला. ठसा मारणाऱ्याचा हात त्या दिवशी जरा तिरका पडला, म्हणून बादशहाचं नाव माझ्या अंगावर पुरतं उमटलं आणि गावाचं अर्धंच. बादशहाची तक्रार आली नाही. गावाची येण्याचा प्रश्नच नव्हता.

तरुणपणी मी पुष्कळ फिरलो. शिपायाच्या कमरेला, वाण्याच्या गल्ल्यात, कुणाच्या पागोट्याच्या घडीत. रुपयाला स्वतःचे पाय नसतात. ज्याची मूठ, त्याची वाट.

मग अठराशे तीन, आसईच्या लढाईचं साल आलं. आमच्या भागातून तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या फौजा जातच असत. फौज आपली की परकी हे मोठ्या माणसांना कळायचं. गावाला एवढंच कळायचं की वैरण दोघांच्याही घोड्यांना लागते. माझा त्या वेळचा धनी धान्याचा व्यापारी होता. त्याने आम्हा सगळ्यांना मडक्यात भरलं, जाफराबादेकडच्या एका गावच्या शिवारात बाभळीखाली पुरलं आणि "आठ दिवसांत येतो" असं बाभळीलाच सांगून तो गेला. आम्ही सव्वाशे वर्षं वाट पाहिली. तोवर बाभूळही गेली. चांदी कुजत नाही, ही तिची मोठी अडचण आहे.

आम्हाला वर काढलं ते दोघा भावांनी. थोरला कडूबा, धाकटा रखमाजी. विहीर खणत होते. पाण्याआधी आम्ही लागलो.

"दादा, हा तर दफिना हाये," रखमाजी घाबरून म्हणाला. "जमिनीतलं धन सरकारचं असतंय. निजाम सरकारचा कायदाच हाये तसा."

"सरकारला ठावं हाये का, हितं काय हाये ते?"

"न्हाई."

"मंग सरकारचं कसं?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर असेल, पण विहिरीत नव्हतं.

जुनी नाणी जातात कुठे, असं विद्वान लोक विचारतात. त्यांनी एकदा सोनाराला विचारावं. गावच्या धर्मराज सोनाराने एका दुपारी दार लावून घेतलं आणि माझे सगळे सोबती मुशीत घातले. शिपाई, वाणी, बादशहा सगळे एक झाले आणि कडूबाच्या बायकोच्या, द्वारकाबाईच्या, पायातले तोडे आणि गळ्यातली सरी होऊन बाहेर आले. मी एकटा वाचलो, तोही तिच्यामुळेच. "एक तरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "भुईनं दिलेली लक्ष्मी समदीच वितळवली तर भुईला काय वाटंल?" भुईला काय वाटलं असतं मला माहीत नाही. मला बरं वाटलं.

धर्मराजाने माझ्या डोक्यावर एक कडी डाखली आणि मी द्वारकाबाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात जाऊन बसलो. दर मंगळवारी ती मला चिंचेने घासून लख्ख करायची आणि हळदकुंकू वाहायची. अंगावरची फारसी अक्षरं तिला देवीची वेलबुट्टी वाटत. बादशहाच्या नावावर हळदकुंकू वाहिलेलं बादशहाला चाललं असतं की नाही, कोण जाणे. त्याला कुणी विचारलं नाही. मलाही नाही.

माझं कौतुक असं एकदाच झालं. जुन्या जालन्याचे काकासाहेब वकील जमिनीच्या एका कामासाठी गावात आले होते. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद. द्वारकाबाई पाणी घेऊन आली आणि त्यांची नजर माझ्यावर खिळली.

"बाई, तो रुपया जरा बघू."

कडूबाच्या तोंडचं पाणी पळालं. काकासाहेबांनी मला उजेडात धरलं आणि कपाळाला हात लावला. "अरेरे! कडी नेमकी गावाच्या नावावर! कोणी डाखली ही?" कोणीच डाखली नव्हती. सगळे जमिनीकडे बघत होते.

"भिऊ नका, मी सरकार नव्हे," काकासाहेब म्हणाले. "पण गंमत बघा. उरलेली अक्षरं सांगतात, हा रुपया औरंगाबादेला पाडला. तिथं शोधायला गेलं तर एक मिळत नाही. सापडतो कुठं, तर इथं तुमच्या ढेकळात. का?"

"आमचं नशीब," रखमाजी म्हणाला.

"नशीब कसलं? फौजांचा रस्ता. जिथं माणसं सुखाने राहिली तिथला पैसा खर्चून गेला. जिथनं पळाली तिथला जमिनीत राहिला. तोही कुणाचा? जो परत आला नाही त्याचा."

"वकीलसाहेब, चहा घ्या," कडूबा म्हणाला. "थंडा होऊन राह्यला."

पुढे कडूबा तापाने गेला. द्वारकाबाईच्या अंगावरून सगळं उतरलं, त्यात मीही उतरलो. मूलबाळ नव्हतं. तोडे, सरी आणि मी, एवढंच तिचं म्हणायला जगात उरलं. एका फडक्यात बांधून तिने आम्हाला उतरंडीच्या तळच्या गाडग्यात ठेवलं. वर्षातून एकदा, कडूबाच्या तिथीला, ती गाठ सोडायची, बघायची आणि पुन्हा बांधायची. चिंच नाही, कुंकू नाही. माणूस गेल्यावर दागिन्यालाही सुतक लागतं, मित्रांनो, आणि ते फिटत नाही.

घर एकच होतं, चूल एकच. रखमाजीची बायको झुंबरबाई ही धाकटी जाऊ. ती द्वारकाबाईच्या शब्दाबाहेर नव्हती. आणि द्वारकाबाईला शब्दांची कमतरता कधी पडली नव्हती.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. पलीकडे हिंदुस्थान स्वतंत्र झालेला, अलीकडे निजामाचं राज्य तसंच. रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. आमच्या गावापासून वऱ्हाडची हद्द जवळ. श्रावणात एकेक घर बैलगाडी जुंपून हद्दीपलीकडे जाऊ लागलं. रखमाजी गुरं घेऊन पुढे गेला. गाडीत बसायच्या आधी द्वारकाबाईने ते फडकं झुंबरबाईच्या हातात ठेवलं.

"झुंबर, हे संग न्यायचं न्हाई. वाटंत लुटत्यात, नाक्यावर झडती घेऊन राह्यलेत. तू मागून येणार हायेस. पुरून ये."

"जाऊबाई, तुमीच या ना गोठ्यात. जागा बघून ठिवा."

"नगं. मला जागा सांगू बी नगं. बोललेलं धन सरकतं. म्या तुझ्या हवाली केलं, बास."

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक होतं: पुरलेलं धन ऐकतं. त्याची जागा बोलून दाखवली की ते जमिनीखालून सरकतं आणि ज्याच्या नशिबात नसेल त्याने खणलं तर त्याचे कोळसे होतात. मी स्वतः सव्वाशे वर्षं पुरलेला होतो. वीतभरही सरकलो नव्हतो. पण माझं कोण ऐकतो?

झुंबरबाईने गोठ्यात खड्डा खणला. पवळ्या बैलाच्या खुंट्याजवळ, गव्हाणीच्या भिंतीला धरून. आम्हाला मडक्यात ठेवल्यावर ती आपल्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढू लागली. त्याही आमच्याबरोबर ठेवायच्या होत्या. निंदणी करून करून हात सुजलेले, पाटल्या मनगटावरून हलेनात. तेल लावलं, साबण लावला, दात आवळून ओढलं. शेवटी कातडं सोललं, पण पाटल्या निघाल्या नाहीत. "ऱ्हा मंग तिथंच," असं म्हणून तिने वरून चिंध्या गुंडाळल्या आणि मडक्यावर झाकण ठेवलं. फडक्याच्या फटीतून हे पाहणारा जगात एकच साक्षीदार होता, आणि तो मी. त्यानंतर अंधार झाला तो अजून आहे.

टोळी आली, तेव्हा मला ऐकू आलं. गव्हाण पाडली, वासे जाळले, खुंटे उपटून नेले. मग काही दिवस नुसता पाऊस. मग भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं, असं वरून चाललेल्या पावलांनी सांगितलं. आता पळायची पाळी दुसऱ्यांची होती. आमच्या शेजारी अत्तारांचं घर होतं. त्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, पण तेव्हा असं विचारायला कुणी थांबत नव्हतं. एका पहाटे त्यांच्या परसात कुदळ वाजली, घाईघाईने. मग गाडीची चाकं वाजली. ते पुन्हा आले नाहीत.

आमची माणसं दसऱ्याच्या सुमारास आली. आल्या आल्या गोठ्यात. तिघंही.

"झुंबर, कुठं?" रखमाजीने विचारलं.

गोठाच नव्हता तर ती दाखवणार कशी? खुंटा नाही, गव्हाण नाही, भिंतीचा नुसता चिखल. "हितंच," ती म्हणाली. "पवळ्याचा खुंटा हितं व्हता. न्हवं, हितं."

कुदळ पडली. माझ्यापासून हातभर अंतरावर. माती धपाधप निघत होती, दर घावाला मडकं थरथरत होतं. मित्रांनो, त्या वेळी मला आवाज असता तर! दोन रुपये एकमेकांवर वाजले तरी खण्ण होतं. पण मी एकटा, फडक्यात, तोड्या-सरीत घट्ट आवळलेला.

कुदळ थांबली.

"कोळसे," रखमाजी म्हणाला.

वर जळलेल्या वाशांचे कोळसे होतेच, ते त्याने आधीच बाजूला केले होते. हे खालचे, कमरेइतक्या खोल जागचे. ते कुठले, मला ठाऊक होतं. मला पुरणारा व्यापारी पळाला त्या साली फौजेने हीच आळी जाळली होती. ज्याचं घर जळालं त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण त्याचे कोळसे तिथेच होते. आणि आता ते द्वारकाबाईची चांदी म्हणून ओळखले जात होते.

"वहिनी," रखमाजीचा आवाज अगदी बारीक झाला, "तुमच्या नशिबात नव्हतं जी."

"माझ्या तोड्याचे कोळसे झाले," द्वारकाबाई म्हणाली. "पाटल्या बऱ्या पिवळ्याच्या पिवळ्या राह्यल्या."

"जाऊबाई! निघाल्या न्हाईत हो, तुमच्या गळ्याची आण! हे बगा, अजून वण हाये. माझ्या बी पुरायच्या व्हत्या."

"व्हत्या ना. तुझ्या हातात राह्यल्या, माझं तेवढं भुईत गेलं."

"आहो, अजून खणा ना!" झुंबरबाई नवऱ्याला म्हणाली. "हिकडं खणा, भित्तीच्या अंगाला."

"कोळसे लागल्यावर फुडं खणू नये," रखमाजी म्हणाला. "घरात माणूस राहत न्हाई."

मग झुंबरबाई स्वतः खड्ड्यात उतरली. कुदळ नाही, नुसते हात. माझ्याच दिशेने. मला तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, श्वास ऐकू येत होता. आणखी चार ओंजळी माती, आणि मडक्याचा काठ तिच्या हाताला लागला असता.

"राहू दे, झुंबर," वरून द्वारकाबाईचा आवाज आला. रागावलेला नव्हता. थकलेला होता. "खणशील तर घावंल बी. मंग मला वाटंल, आत्ताच आणून ठिवलंस. न्हाई घावलं तरी मला तेच वाटणार. वर ये."

हात थांबले. मी खूप ऐकलं, मित्रांनो. फौजा ऐकल्या, टोळ्या ऐकल्या. पण त्या थांबलेल्या हातांसारखं काही ऐकलं नाही. मग झुंबरबाई वर चढली आणि खड्डा तिनेच बुजवला.

त्या दिवाळीआधी दोन चुली झाल्या. गोठ्याच्या जागेवरून घराचे दोन भाग करणारी दगडमातीची भिंत उभी राहिली. तिच्या पायाखाली मी आहे. डाव्या अंगाला द्वारकाबाई असायची, उजव्या अंगाला झुंबरबाई. दोघीही जात्यावर गात असत, पण एकीचं जातं सुरू झालं की दुसरी थांबायची. पुढे दोन्ही जाती गप्प झाली.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून ही गोष्ट संपवायची रीत आहे. पण माझी काळजी घ्यायची गरज नाही. मला काही होत नाही, हेच तर दुखणं आहे. ही भिंत कधीतरी पडेल. तुमच्यापैकी कुणीतरी मला पुसून भिंगाखाली धरेल, कडीखालचं अर्धं नाव वाचून खूष होईल. मग एखाद्या काचेच्या पेटीत माझ्याशेजारी कार्ड लावाल: सापडला जाफराबाद तालुक्यात, घराच्या पायात. त्यावरून या गावात केवढा व्यापार होता, केवढी सुबत्ता होती, याचे अंदाजही बांधाल. बांधा. माझी हरकत चालत नाही.

फक्त त्या कार्डावर खाली थोडी जागा उरली तर एवढं लिहा, की झुंबरबाईने काही घेतलं नव्हतं. ते वाचायला द्वारकाबाई नसेल. तरी लिहा.