डावीकडची रिंग

बास्केटबॉल संघाचं नाव वादळ. पस्तीस सामन्यांत एकोणतीस वेळा मार खाल्ल्यावर लोक त्याला झुळूक म्हणायला लागले होते, आणि तेसुद्धा ज्यांचा संघावर अजून जीव होता तेच. बाकीच्यांनी यायचंच सोडलं होतं. हॉलमध्ये इतक्या खुर्च्या रिकाम्या असायच्या की कोणी शिवी हासडली तर ती नेमकी कोणाची, हे खेळाडूंना नुसतं वर बघून कळायचं. दोघातिघांना तर ते नावानिशी ओळखत होते.

लिफ्ट मेकॅनिकने मात्र घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नव्हता. आठवी रांग, कडेची सोडून दुसरी खुर्ची. कडेच्या खुर्चीवर त्याचा सासरा. म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत सासरा. मेकॅनिकचा घटस्फोट मोसम सुरू व्हायच्या आदल्या महिन्यात झाला, आणि वर्षभराची दोन तिकिटं म्हाताऱ्याने त्याआधीच काढून ठेवली होती. वाटणीत कपाट निघालं, भांडी निघाली, फ्रीजवरून तर चांगली जुंपली, पण खुर्च्यांचा विषय कोणाला आठवलाच नाही. पहिल्या सामन्याला दोघेही आले, एकमेकांना बघून दचकले, आणि उठून जाणं बरं दिसेना म्हणून बसून राहिले.

बायको गेल्याचं दुःख मेकॅनिकला होतं. पण ते नवरा-बायकोने मिळून, चार वर्षं पद्धतशीर मेहनत घेऊन ओढवून घेतलेलं दुःख होतं. म्हातारा हातचा जाईल ही धास्ती वेगळी. तिची त्याने काहीच तयारी केली नव्हती. पुढच्या वर्षीच्या खुर्च्याही म्हाताऱ्याच्याच नावावर निघणार होत्या, आणि शेजारी कोणाला बसवायचं हे म्हाताराच ठरवणार होता. त्यात माजी बायकोचं एका दंतवैद्याशी जमत आलं होतं, आणि या दंतवैद्याला बास्केटबॉलचं वेड आहे असं उडत उडत कानावर आलं होतं. मेकॅनिकच्या मते दंतवैद्याने बघावं असं या संघात काही नव्हतं, उपटावं असं बरंच होतं.

खरी पंचाईत हाकेची होती. नऊ वर्षं तो म्हाताऱ्याला ‘बाबा’ म्हणत आला. आता कुठल्या तोंडाने म्हणायचं? काका म्हटलं तर शेजारी झाले, साहेब म्हटलं तर ऑफिस झालं. मग त्याने अख्खा मोसम बिनहाकेच्या वाक्यांवर काढला. “जरा पाय घेता का.” “पाणी हवंय का.” म्हाताराही काही कमी बेरकी नव्हता. पूर्वी खणखणीत ‘जावईबापू’ म्हणायचा, ते आता ‘अहो’वर आलं होतं. आणि ‘अहो’ तर तो रेफरीलाही म्हणायचा.

म्हातारा वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की जगातली प्रत्येक गोष्ट थोडी कमीच भरते. खिशात अजून स्टीलचा टेप असायचा. फॉर्मवर एक खाडाखोड दिसली तरी तो दुकानदाराला रांगेच्या शेवटी परत पाठवायचा, आणि हे तो आजही अभिमानाने सांगायचा.

घरचा शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. मध्यंतराला चार मिनिटं असताना वादळचा उंच सेंटर, ज्याला लोक खांब म्हणत, डावीकडच्या रिंगवर सलग पाचवा फ्री थ्रो चुकला. खांबच तो, हलणार कशाला.

“रिंग वाकडी आहे,” म्हातारा म्हणाला.

मेकॅनिकने एक डोळा मिटला. लिफ्ट मजल्याच्या किती वर थांबली हे तो नुसत्या तळपायाने सांगायचा, त्यामुळे या बाबतीत त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. “उजवीकडे झुकलीये. अर्धं बोट.”

“पाऊण.”

“अर्ध्याच्या वर असेल. पाऊण नाही.”

म्हातारा त्याच्याकडे वळला. मोसमात पहिल्यांदाच पूर्ण वळला. “म्हणजे तुम्हालाही दिसतंय.”

“दिसतंय ना. ढळढळीत दिसतंय.”

मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात आणि रिंग वाकडी असली तर दोघांनाही वाकडीच, हे मेकॅनिकला चांगलं कळत होतं. पण आठ महिन्यांनी वाक्याला वाक्य लागलं होतं, त्यात अक्कल कशाला घालायची?

मध्यंतर झालं तसा म्हातारा ताडकन उठला, व्यवस्थापकाच्या टेबलावर गेला आणि तक्रारीचा फॉर्म घेऊनच परतला. टेप लावू देत नाहीत म्हणाला, पण फॉर्म देतात. मांडीवर कागद ठेवून, स्वतःच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात त्याने सहा रकाने भरले. गालावर रंग चढला होता. सातवा रकाना साक्षीदाराचा होता. म्हाताऱ्याने खालची बारीक ओळ ऑफिसातल्या आवाजात वाचून दाखवली.

“‘साक्षीदार हा तक्रारदाराचा नातेवाईक नसावा.’” मग चष्म्यावरून बघत विचारलं, “तुम्ही माझे कोण लागता?”

काय म्हणायचं ते मेकॅनिकच्या जिभेवर होतं. पण ते म्हटलं तर तक्रार बाद, आणि म्हातारा इतका खुशीत वर्षभरात दिसला नव्हता.

“कागदोपत्री कोणी नाही,” तो म्हणाला. पेन घेतलं, नाव लिहिलं, ‘नातं’ या शब्दापुढे ‘नाही’ लिहिलं आणि सही ठोकली. सही नेहमीसारखीच झोकात आली, याचा त्याला रागच आला.

म्हाताऱ्याने कागद डोळ्यांजवळ धरला. खेळ पुन्हा सुरू झाला. पाहुण्यांनी त्याच डावीकडच्या रिंगमध्ये एक टाकला, दुसरा टाकला, तिसरा तर पार लांबून टाकला. म्हाताऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने पेनाचं टोपण काढलं, मेकॅनिकची अख्खी ओळ आडवी खोडली आणि खोडल्याबद्दल बाजूला स्वतःची छोटी सही केली.

“खोटी साक्ष चालत नाही,” तो म्हणाला.

“खोटी कसली? कोर्टाचा कागद आहे.”

“तो तुमच्या दोघांचा. मला कोणी बोलावलं होतं तिथे?” म्हाताऱ्याने फॉर्म त्याच्या हातात कोंबला. “नातेवाईकाची साक्ष घेता येत नाही, नियम आहे. मागे त्या बाई एकट्या बसल्यात, त्यांची सही आणा. आणि पाऊण बोट सांगा.”

मेकॅनिक पायऱ्या चढून वर गेला. डोळ्यांपुढे पायऱ्या जरा धूसर दिसत होत्या, म्हणून कठडा धरून गेला. बाराव्या रांगेतल्या बाई विणत बसल्या होत्या. या मोसमात त्यांचे तीन स्वेटर झाले होते, वादळचे विजय सहा. त्याने रिंगचं प्रकरण समजावून सांगितलं. पाऊण बोटच सांगितलं.

बाईंनी खाली बघितलं. पाहुण्यांचा आणखी एक बॉल डावीकडच्या रिंगमधून अलगद खाली उतरत होता.

“त्यांना तर बरोबर लागतेय.”

“हो.”

“मग तुम्हीच करा की सही.”

“मला नाही चालत,” मेकॅनिक म्हणाला. “मी त्यांचा जावई आहे.” आवाज उगाचच मोठा निघाला. रिकाम्या हॉलमध्ये तो पार खालपर्यंत गेला, आणि राखीव बाकावरच्या दोन खेळाडूंनी मान वर करून बघितलं.

बाईंनी लोकरीचा गुंडा त्याच्या हातात दिला आणि सही केली.