येऊ नकोस, भिंगरे

या, जरा सरकून जवळ बसा. एक गोष्ट सांगते. बुवा आख्यान लावतात तशी मला ती रंगवता यायची नाही.

रस्त्यावर राहणाऱ्या मुलांमध्ये मी काम करते. खांद्याला पिशवी, तिच्यात मलमपट्टी, कंगवा, चित्रांची पुस्तकं. बसस्थानकामागे पार्सलच्या पोत्यांआड सात-आठ मुली राहतात. आमचा एक नियम आहे: मुलाचं नाव चारचौघांत मोठ्यानं घ्यायचं नाही. जवळ जायचं, खाली बसायचं, मग हळू बोलायचं. नावानं हाक मारणारा माणूस या लेकरांना लगेच आपला वाटतो, म्हणून.

बुधवारी तो नियम मी मोडला. नऊ वर्षांची भिंगरी रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिच्या खोकल्याचं औषध माझ्याच हातात राहिलं. "भिंगरे! अगं, औषध!" मी ओरडले. ती गर्रकन वळून हसत आली. तिकीट खिडकीपाशी इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उभा होता. तोही हसला. मला वाटलं, भला दिसतोय बिचारा.

गुरुवारी दुपारी गेले, तर वकिलीण वाटेतच भेटली. तेरा वर्षांची ही पोर ऊठसूट वाद घालते, म्हणून सगळ्या तिला वकिलीण म्हणतात.

"ताई, तू इथं कशी? तू तर दवाखान्यात आहेस ना?"

"कोण म्हणालं?"

"तो इस्त्रीच्या शर्टातला काका. भिंगरीला ताईनं बोलावलंय म्हणे. मी म्हटलं, चिठ्ठी दाखव. तर म्हणतो, फार शहाणी आहेस. मी म्हटलं, आहेच मुळी."

"आणि भिंगरी कुठंय?"

"पोत्यांकडे खेळतेय. तो तिकडंच गेला."

तशीच धावले. पोती माणसापेक्षा उंच रचलेली, मधे अरुंद बोळ. एका बोळाच्या तोंडाशी थबकले, कारण पलीकडून आवाज आला, अगदी मधाळ: "भिंगरे, ये गं बाळा. ताई वाट बघतेय."

म्हणजे ती अजून त्याला सापडली नव्हती. पण कुठं होती? मी हाक मारली असती तर ती धावत सुटली असती, आणि मधे तो होता. गप्प राहिले असते तर ती त्याच्या हाकेला गेली असती. विठ्ठला, विठ्ठला म्हणत मी छाती दाबून धरली. पुन्हा तोच आवाज, या वेळी जवळून: "भिंगरे..."

मग माझ्या तोंडून जे निघालं, ते मी आजवर कुठल्याच लेकराला म्हटलं नव्हतं. "भिंगरे, येऊ नकोस! कुणीही बोलावलं तरी येऊ नकोस! मी बोलावलं तरी नाही!"

जवळच भाकरी खात बसलेले हमाल उठले. "कोण रे तू? काय पाहिजे इथं?" एकानं दरडावलं. "पार्सल शोधतोय," असं पुटपुटत तो माणूस बाहेर पडला आणि आम्ही त्याला गाठेपर्यंत गर्दीत नाहीसा झाला.

पण भिंगरी येईना. पाव तास गेला, अर्धा तास गेला. मी जमिनीवर बसून बोलत होते, आर्जवं करत होते, रडत होते. ती आत आहे की दुसऱ्याच कुणी तिला नेलंय, हेही कळेना. शेवटी वकिलीण पोटावर सरपटत पोत्यांमधल्या फटींतून आत शिरली. बऱ्याच वेळानं तिचं धुळीनं माखलेलं डोकं बाहेर आलं.

"आहे आत. पण ती म्हणते, ताईच येऊ नको म्हणाली, आता कसं येऊ?"

"सांग तिला, तो गेला."

"सांगितलं गं. ती म्हणते, त्यानं पण तुझंच नाव सांगितलं होतं. मग खरी ताई कुठली?"

"तू तिच्यापाशीच थांब," मी म्हटलं. ऊन उतरल्यावर भिंगरी बाहेर आली, वकिलिणीचा हात घट्ट धरून. माझ्याकडे बघितलं, पण जवळ आली नाही. त्या दोघींना मी मुलींच्या निवाऱ्यात नेलं, त्यांच्या चार पावलं मागून चालत.

तक्रार नोंदवली आहे. तो माणूस अजून सापडलेला नाही. भिंगरी आता पुष्कळदा हाकेला ओ देत नाही, माझ्या तर मुळीच नाही. तेव्हा देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या लेकराची आठवण ठेवा हो. माझं राहू द्या, तिची ठेवा.