खाचेवरची चाळीस पोती

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी तुळई आहे. वय साधारण ऐंशी. तब्येत उत्तम, वाळवी नाही. फक्त डावं टोक निम्मं कापलेलं आहे आणि त्या कापापासून एक आडवी चीर निघाली आहे. या चिरेबद्दल खालापुरात सगळ्यांना मत आहे. एका मांजरालासुद्धा होतं. माझं मत कोणी विचारलं नाही. तुळईला कोण विचारतं म्हणा.

माझं तारुण्य भिवपुरीला गेलं, वीजघराजवळच्या एका क्वार्टरात. तिथं मी छत धरलं. छत धरणं हे असं काम आहे, की ते नीट केलं तर कोणाला कळत नाही. इतक्या वर्षांत माझी स्तुती एकदाच झाली. पंखा लावायला आलेला वायरमन वर बघून म्हणाला, "च्यायला, काय लाकूड हाय!" आणि त्याने मला भोक पाडलं.

पुढे क्वार्टर पाडलं आणि मी टेंपोत आडवी पडून खालापूरला आले. झहीरभाई लग्नांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्या गोदामात माळा करायचा होता, त्या माळ्याच्या पुढच्या कडेला मला बसवायचं ठरलं. सुतार होता वाल्मिक. मला उचलून बघतात तर काय, भिंतीतली खोबण अर्ध्याच उंचीची.

"खोबण मोठी करू का?" झहीरभाईंनी विचारलं.

"भिंतीला कशाला तरास? लाकूड आपलं ऐकतंय," वाल्मिक म्हणाला. त्याने डाव्या टोकाला खालून खाच घेतली. दहा इंच उंचीची मी तिथं पाच इंच उरले. भिंत सुखी झाली.

वर्षभरात खाचेच्या कोपऱ्यातून चीर निघाली. ती माझ्या उंचीच्या बरोबर मधून आडवी सरकू लागली. वाल्मिक आला, त्याने चीर पाहिली, मान डोलावली आणि माझ्या मधोमध, खालच्या अंगाला, सहा स्क्रूंनी लोखंडी पट्टी ठोकली. म्हणजे दुखत होता खांदा आणि मलम लावलं पोटाला.

मी कुरकुरले. मला तेवढंच येतं.

"उंदीर झालेत," झहीरभाई म्हणाले आणि त्यांनी मांजर आणलं. मांजर दिवसभर माझ्यावरच बसलं. म्हणजे मी भार जास्त झाला म्हणून तक्रार केली, त्यावर उपाय म्हणून चार किलो भार वाढला.

आणि मित्रांनो, झहीरभाईंची खुर्ची नेमकी माझ्या खाचेखाली. पंख्याचा वारा तिथंच लागतो म्हणून. दुपारी ते त्याच खुर्चीत डोळा लावत. मी वर, ते खाली, मधे ती चीर. मला डोळा लागणं शक्य नव्हतं.

त्यांची मुलगी झिनत सिव्हिल इंजिनीअरिंगला. बाकी सगळं सुटलं, पण एका विषयात केटी. तीही तीनदा. तो विषय म्हणजे कुठली वस्तू किती भाराला तुटते. घरी टीव्ही चालू, म्हणून ती माझ्या खालीच टेबलावर अभ्यासाला बसायची. गणित नेहमीचंच: तुळईची रुंदी १००, उंची २५० मिलिमीटर, जास्तीत जास्त शिअर स्ट्रेस, म्हणजे लाकूड आतून घसरू बघतं तो ताण, काढा. ही मापं माझीच आहेत. कोणाच्या लक्षात आलं नाही.

रीत अशी. जिथला ताण हवा तिथं तुळई आडवी कापली असं धरायचं आणि कापाच्या वरचा तुकडा तेवढाच घ्यायचा. त्या तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या मध्यबिंदूचं तुळईच्या मधल्या रेषेपासूनचं अंतर, आणि मग पुढचं. झिनत दर वेळी अख्खी तुळई घ्यायची. अख्ख्या तुळईचा मध्यबिंदू मधल्या रेषेवरच असतो. अंतर शून्य, म्हणून उत्तर शून्य. त्याखाली ती स्केलने दोन सरळ रेघा मारायची. तीन परीक्षांत तिने सिद्ध केलं, की तुळईवर ताण म्हणून नसतोच. परीक्षकाने तिन्ही वेळा तिचंच उत्तर मार्कांच्या रकान्यात उतरवलं.

तुम्हीच सांगा, माझ्या अंगाखाली बसून माझ्यावर ताण नाही म्हणायचं! त्या दुपारी ती चौथ्यांदा शून्य लिहून रेघ मारत होती आणि माझा संयम सुटला. म्हणजे मी पुन्हा कुरकुरले. पण या वेळी चिरेतून चिमूटभर भुसा निघाला आणि थेट त्या शून्यात पडला.

झिनतने वर पाहिलं. बराच वेळ. मग स्टुलावर चढली आणि चिरेवर बोट फिरवलं.

"वर नाही, खाली नाही, बरोबर मधे तडकलीय," ती स्वतःशीच म्हणाली. "शून्य असतं तर तडकली कशाला असतीस गं?"

हे 'गं' मला होतं. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा.

ती खाली उतरली. आकृतीच्या खालच्या अर्ध्या भागावर तिने तळहात ठेवला आणि वरचा अर्धाच घेऊन गणित केलं. मोहोपाड्याच्या लग्नाच्या ऑर्डरीची दोन टन पोती माळ्यावर चढायची होती, म्हणून एका टोकावर एक टन, म्हणजे दहा हजार न्यूटन धरले. उत्तर आलं ०.६. मग तिने टेपने खाचेवरची उंची मोजली. १२५. तिथलं उत्तर १.२. लाकूड निम्मं, ताण दुप्पट. पुस्तकात सागाला जेवढं चालतं असं लिहिलं होतं, त्याच्या हे वर होतं. शिवाय खाचेच्या कोपऱ्यात ताण आणखी गोळा होतो, हेही तिथंच छापलेलं होतं.

"अब्बा, खुर्ची हलवा. आणि मोहोपाड्याच्या लग्नाची पोती वर चढवू नका."

"तीनदा शून्य आणलंस," झहीरभाई म्हणाले, "आणि आता माझ्या माळ्याला नापास करतेस?"

टेबलावर रोट्यांची चळत होती. झिनतने ती दोन्ही हातांत धरून वाकवली. "बघा, एकीवर एक घसरते. वाकताना लाकूडपण आतून असंच घसरायला बघतं. चिकटलेलं असतं म्हणून धरून ठेवतं. आता सगळ्यात वरच्या रोटीला वरून कोण घासतंय?"

"कोणी नाही."

"म्हणून वर शून्य, खाली शून्य. ओढाताण सगळी मधे. आणि भार भिंतीत उतरतो तो टोकांवरून. तिथं वाल्मिककाकांनी निम्म्याच रोट्या ठेवल्यात."

झहीरभाईंना गणित किती कळलं ठाऊक नाही. पण निम्म्या रोट्यांत लग्न निघत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी वाल्मिकला बोलावलं.

वाल्मिकला हे लागलं. "बेबी, चाळीस वर्षं झाली, माझा एक माळा पडला नाय."

"काका, एखादा पडताना तुम्ही खाली असता, तर हे सांगायला आला असता का?"

"मग बसतो खाली!" त्याच्याकडे तशी रीतच होती. आपल्या हातच्या कामाखाली कारागिराने आधी स्वतः बसायचं. झिनत नको नको म्हणत असताना तो खुर्चीत बसला, चहा मागवला आणि ओरडला, "चढव रं रुपेश!"

पन्नास किलोचं एकेक, अशी चाळीस पोती होती. टेंपोवाला रुपेश ती माळ्याच्या कडेलाच रचत होता, म्हणजे थेट माझ्या अंगावर, कारण तिथून काढायला सोपी पडतात. मित्रांनो, ज्याने मला कापलं त्याच्यासाठी मला आता टिकायचं होतं. मी जीव एकवटला. माझ्याकडे होता तो पाच इंच.

"वीस झाली. बस करा," झिनत म्हणाली.

"चढव रं!"

सव्विसाव्या पोत्याला मी बोलले. कट्ट.

वाल्मिकची बशी ओठाशी थांबली.

"उंदीर," तो म्हणाला.

कट्ट. चीर बोटभर पुढे गेली आणि भुसा चहात पडला. मांजर आधी उतरलं. वाल्मिकने बशीत एकदा पाहिलं, अगदी सावकाश उठला आणि म्हणाला, "चहा गार झाला. बाहेर पिऊ." चहातून वाफ येत होती.

पोती उतरली. मग झिनतने जागा दाखवली: खाचेच्या पलीकडे, जिथं मी पुरी दहा इंच आहे, तिथं खालून जाड खांब. वाल्मिकने तो स्वतः तासला आणि बसवला. पट्टी काढू का, असंही विचारलं. "राहू दे," झिनत म्हणाली. मला तिचा थोडा राग आला.

चौथ्या परीक्षेत तिचं उत्तर शून्य आलं नाही. मार्कही शून्य नाहीत. काठावर सुटली, पण सुटली. झहीरभाई अजून त्याच खुर्चीत झोपतात, आता मीही जरा डोळा लावते. आणि वाल्मिक कर्जतला कुठल्याही कामावर असला, की करवत हातात घेऊन आधी फोन लावतो, "बेबी, टोकाला किती कापू?"

"कापूच नका, काका. भिंत फोडा."

मित्रांनो, मला पॉलिश नको, आणि पाडव्याला हारही नको. तुमच्या डोक्यावर जी कोणी असेल, तिचं टोक एकदा भिंतीपाशी जाऊन बघा. मधे बघू नका, मधे सगळेच बघतात. आणि गणिताचं उत्तर शून्य आलं, तर खाली दोन रेघा मारण्याआधी मान वर करा. आम्ही कधीच्या सांगतोय.